संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

साहित्याच्या ज्या प्रकारांकडे समीक्षकांनी आजवर ढुंकूनही पाहिले नाही, त्यांत सार्वजनिक वाहनांवरील सूचना आणि स्थानकांवरील उद्घोषणा यांचा क्रम बराच वरचा लागेल. एखाद्या बऱ्या कादंबरीची आवृत्ती संपायला वर्षे लागतात. बसच्या खिडकीवर रंगविलेले वाक्य मात्र एका दिवसात शेकडो माणसांच्या नजरेखालून जाते, आणि त्यांतील काहींना त्या दिवसभरात दुसरे काहीही वाचायचे नसते. असे असूनही त्या वाक्याचा कर्ता कोण, त्याच्या डोळ्यांपुढे वाचक कोण होता आणि हेतू साधला की नाही, हे कोणी विचारीत नाही. ही उपेक्षा आम्हांला बरी वाटत नाही. म्हणून या लेखनप्रकाराची थोडी चिकित्सा येथे करण्याचे योजिले आहे.

कुकटपल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या अभ्यासाची सोय घरबसल्या आहे. आमच्या वस्तीला चिकटून पुणे–सोलापूर–हैदराबाद हा महामार्ग जातो. त्यावरून तेलंगणाच्या बसगाड्या तेलुगू पाट्या लावून धावतात, आणि त्यांच्याच मागोमाग उमरगा-सोलापूरकडची एखादी एस. टी. देवनागरी पाटी मिरवीत येते. २०१७च्या नोव्हेंबरात मियापूरहून मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून डोक्यावरूनही सूचना ऐकू येऊ लागल्या. तेलुगू, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा दिवसातून कितीदा तरी आपल्या डोळ्यांपुढून जातात. घरात पाचवी मराठी असतेच. पिढ्यान् पिढ्या येथे नांदलेल्या आपल्या कुटुंबांना या चारही भाषांतील सूचना थोड्याफार कळतात, आणि म्हणून त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचा अधिकारही पोहोचतो.

आरंभ चांगल्या उदाहरणाने करावा. एस. टी.तून ज्याने प्रवास केला आहे त्याला 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' हे शब्द पाठ असतात. या शब्दांची आजवर पुष्कळ थट्टा झाली. लग्नमंडपाच्या दारापासून परीक्षेच्या खोलीपर्यंत ते कोठे कोठे चिकटविले गेले, हे वाचकांना ठाऊक आहेच. लोकांना जे वाक्य विनोदासाठी हक्काने वापरता येते ते त्यांच्या भाषेत पुरते मुरलेले असते, एवढे यावरून सिद्ध होते. आता त्याची रचना पाहा. 'संकटकाळी' म्हटल्याने केव्हा ते कळले, 'बाहेर पडण्याचा' म्हटल्याने काय करायचे ते कळले, आणि 'मार्ग' म्हटल्याने कोठून ते कळले. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला यांतील एकही शब्द अडत नाही. याच आशयाचे कार्यालयीन भाषांतर करावयाचे तर 'आपत्कालीन निर्गमद्वार' असे काहीतरी होईल. शब्द निम्म्याने कमी झाले, तरी ते वाचणाऱ्याला आधी अर्थ लावावा लागेल आणि मग काच फोडावी लागेल. गाडी उलटलेली असताना अर्थ लावण्यास फुरसत नसते.

ही भाषा एका दिवसात घडलेली नाही. पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली. आपल्या मराठवाड्यातील वाहतुकीची परंपरा त्याहून जुनी आहे. निझाम स्टेट रेल्वेने १५ जून १९३२ रोजी २७ गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली होती. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि १९६१ साली मराठवाड्याची ही वाहतूक महाराष्ट्राच्या महामंडळात सामावली गेली. त्या काळात गाडीत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत असे. एकाने पाटी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, असा प्रकार सर्रास चाले. त्यामुळे सूचना कानाला सहज वाटेल अशी असणे भागच होते. 'खिडकीतून हात व डोके बाहेर काढू नये' हे वाक्य आजही कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या 'नये'विषयी एक गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. मराठीतील 'नये' म्हणजे मुळात 'न ये', येत नाही. आपल्या शेजारी तेलुगू बसमध्ये हात बाहेर काढण्याविषयी 'चेतुलु बयट पेट्टरादु' असे लिहितात, आणि धूम्रपानाविषयी 'पोग त्रागरादु' असे. त्यातील 'रादु' याचाही मूळ अर्थ 'येत नाही' असाच आहे. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन भाषांनी मनाई करण्यासाठी एकच वळण पत्करले आहे. या वळणात आज्ञेचा दरारा आहे, पण 'तू' किंवा 'तुम्ही' असे कोणाच्या अंगावर जाणे नाही. 'कृपया' न लिहिताही त्यात सभ्यता राहते. हैदराबादेच्या बसगाड्यांत स्त्रियांच्या आसनांवर जी तेलुगू ओळ वर्षानुवर्षे दिसते तिचा आशय असा, की स्त्रियांचा मान राखणे ही आपली परंपरा आहे, त्यांच्यासाठी राखलेल्या जागांवर त्यांनाच बसू देऊ. 'आपली' आणि 'देऊ' या दोन शब्दांनी नियमाचे रूपांतर सामाईक शिष्टाचारात केले आहे. चांगली सूचना कोणत्याही भाषेत लिहिता येते, हे दाखविण्यास एवढा पुरावा पुरे.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष शेजारच्या भाषेतून शब्द जसाच्या तसा उचलण्याचा. आपल्या चारही बाजूंच्या भाषांत संस्कृत शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकीने त्यांना निराळा अर्थ दिला आहे. हिंदीत 'निषेध' म्हणजे मनाई. मराठीत निषेध म्हणजे विरोध नोंदविणे, आणि तो सभेत ठराव करून करतात. म्हणून 'धूम्रपान निषेध' ही पाटी मराठी म्हणून वाचली, तर कोणीतरी धूम्रपानाचा जाहीर निषेध केला आहे एवढाच बोध होतो, विडी विझवावी असा होत नाही. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि मराठीत थट्टा. हिंदीचा 'धोखा' फसवणूक सांगतो, आपला 'धोका' जीवावरचे संकट सांगतो. तेलुगूकडे वळलो तर 'प्रमादम्' म्हणजे अपघात किंवा धोका. आपण 'प्रमाद' म्हणजे हातून घडलेली चूक समजतो. तेलुगूत निकडीच्या प्रसंगाला 'अत्यवसर' म्हणतात, आणि मराठी वाचकाला 'अवसर' म्हटले की संधी आठवते. बसस्थानकाला येथे 'प्रयाण प्रांगणमु' असे भारदस्त नाव आहे. तेलुगूत 'प्रयाणमु' म्हणजे साधा प्रवास. मराठी घरातील वडीलधाऱ्या मंडळींना मात्र 'प्रयाण' या शब्दापाठोपाठ 'महाप्रयाण' आठवते, आणि तिकीट काढण्यापूर्वी ती क्षणभर थबकतात.

यात तेलुगूचा किंवा हिंदीचा काही दोष नाही. त्या भाषांत ते शब्द अगदी योग्य आहेत. दोष घडतो तो हिंदी मसुदा पुढे ठेवून मराठी पाटी तयार करताना. लिपी एकच असल्याने प्रत्यय बदलले की मराठी झाले, असा समज पसरला आहे. हा समज मुंबईत बसून करता येण्यासारखा आहे तसाच सिकंदराबादेत बसूनही. नांदेड, परभणी, जालना ही स्थानके ज्या नांदेड रेल्वे विभागात येतात, तो २००३ साली दक्षिण मध्य रेल्वेत स्थापन झाला, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय आपल्या सिकंदराबादेस आहे. मराठवाड्याच्या रेल्वे-मराठीचा एक पाय अशा रीतीने आपल्याच शहरात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा. अलीकडच्या उद्घोषणा कोणी एका दमात बोलत नाही. गाड्यांची नावे, गावांची नावे, अंक आणि मधली वाक्ये सुटी सुटी ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि यंत्र त्यांची जुळणी करते. मूळ साचा हिंदीचा किंवा इंग्रजीचा असेल तर त्या भाषांत ही जुळणी निभावते. 'पुणे से', 'जालना की ओर' असे म्हटल्याने हिंदीचे काही बिघडत नाही. मराठीत मात्र नामाला विभक्ती लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. आपण पुण्याहून येतो, ठाण्याला उतरतो, जालन्याकडे जातो, पूर्णेला गाडी बदलतो आणि काचीगुड्याला घरी पोहोचतो. यंत्रापाशी 'पुण्या', 'जालन्या', 'पूर्णे', 'काचीगुड्या' हे तुकडे नसतात. त्याच्यापाशी फक्त प्रथमेतील नाव असते. मग ते 'पुणे वरून', 'जालना कडे' असे बोलू लागते. कान त्या जागी अडखळतो, आणि तो अडखळला असताना पुढचा फलाट क्रमांक निसटून जातो.

तेलुगू भाषकांनाही हे दुःख चुकलेले नाही. 'खम्मम्' या गावाला जायचे तर तेलुगूत 'खम्मानिकि' म्हणावे लागते. सुट्या तुकड्यांच्या जुळणीत ते साधणे तितकेच अवघड आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या मराठीच्या अभिमानाचा नाही. ज्या ज्या भाषेत नाम रूप बदलते, त्या प्रत्येक भाषेवर न बदलणाऱ्या भाषेचा साचा लादला की असेच होणार.

यावर उपाय आहे, आणि तो मुंबईच्या लोकलमध्ये लाखो लोक रोज ऐकतात. 'पुढील स्थानक, दादर.' 'पुढील स्थानक, ठाणे.' येथे गावाचे नाव प्रथमेतच ठेवले आहे, त्याला प्रत्यय लावण्याची गरजच पडू दिलेली नाही. यंत्राची मर्यादा ओळखून वाक्य मराठीत नव्याने बांधले, की ते असे निर्दोष होते. याच रीतीने 'गाडीचे शेवटचे स्थानक, जालना' असे म्हणता येईल, 'येथून पुढचे थांबे' असे म्हणून नावे एकामागून एक घेता येतील. शब्दांची शोधाशोध करण्याचीही गरज नाही. साचा भाषांतरित न करता मराठीत विचार करून घडवावा, एवढेच पुरेसे आहे.

भाषांतराने अर्थ कसा पातळ होतो याचा आणखी एक नमुना फलाट आणि गाडी यांमधील जागेविषयीच्या सूचनेत सापडतो. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९६८च्या सुमारास 'माइंड द गॅप' ही तीन शब्दांची सूचना स्वीकारली. ध्वनी साठविणे त्या काळी महाग होते, म्हणून ती आखूड ठेवावी लागली, असे सांगतात. आपल्याकडे तिचे 'अंतराकडे लक्ष द्या' या धाटणीचे मराठी झाले. पण 'अंतर' म्हटले की मराठी माणसाला दोन गावांमधले किंवा दोन मनांमधले अंतर आठवते. पायाखालच्या पोकळ जागेला आपण 'फट' म्हणतो. आणि लक्ष देऊन करायचे काय, तेही सांगितलेले नाही. 'खाली फट आहे, पाय जपून टाका' असे कोणतीही आजी नातवाला सांगेल. त्या आजीचे मराठी ध्वनिमुद्रित करण्यास अधिकाऱ्यांना संकोच का वाटावा, हे आम्हांला उमगत नाही.

तिसरा दोष कार्यालयीन वळणाचा आहे. राज्य सरकारच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे ही जात आम्हांला दुरूनही ओळखू येते. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असा आरंभ झाला, की पुढचे वाक्य प्रवाशासाठी लिहिलेले नसून दप्तरासाठी लिहिलेले आहे असे खुशाल समजावे. कळविणारा कोण ते त्यात नसते, आणि काय करावे ते शेवटच्या शब्दात असते. कागदावर हे चालते, कारण कागद पुन्हा वाचता येतो. उद्घोषणा एकदा कानावरून गेली की गेली. म्हणून गाडी किती उशिरा आहे आणि कोणत्या फलाटावर येणार, हे आधी सांगावे, दिलगिरी मागाहून व्यक्त करावी. यंत्राने दर पाच मिनिटांनी त्याच स्वरात व्यक्त केलेल्या दिलगिरीने गैरसोय तसूभरही कमी होत नाही. वेळ कळली तर निदान मुलांना पाणी पाजून आणता येते.

हा सारा शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना १५ फेब्रुवारी २०२५ची रात्र आठवावी. नवी दिल्ली स्थानकावर कुंभमेळ्यास निघालेल्या प्रवाशांची चेंगराचेंगरी होऊन १८ जणांचा अंत झाला. 'प्रयागराज एक्स्प्रेस' आणि 'प्रयागराज स्पेशल' अशा मिळत्याजुळत्या नावांच्या गाड्यांविषयीच्या उद्घोषणेने लोकांचा गोंधळ उडाला, असे दिल्ली पोलिसांनी त्या वेळी सांगितले. पुढे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरात, एका प्रवाशाच्या डोक्यावरचा बोजा जिन्यावर पडल्याचे कारण नमूद झाले. यांपैकी कोणतेही कारण मुख्य मानले, तरी गर्दीच्या जागी एकाच गावाच्या नावाने दोन गाड्या पुकारणे धोक्याचे आहे, यात दुमत होऊ नये. अशा वेळी ऐकणारा मनुष्य वाक्याचा शेवट ऐकत थांबत नाही. ओळखीचा शब्द कानी पडताच त्याचे पाय निघतात. वेगळेपणा सांगणारा शब्द आधी यावा की मागून, हा व्याकरणातला बारकावा तेथे जीवन-मरणाचा होऊन बसतो.

दुसरा आक्षेप असा, की आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, पाट्या वाचतो कोण? ज्याला मोबाइलवर सारे सापडते त्याला सूचनेची गरज मुळातच कमी असते. सूचना असते ती चष्मा विसरलेल्या म्हाताऱ्यासाठी, पहिल्यांदा एकट्याने निघालेल्या मुलासाठी, परक्या मुलखात उतरलेल्या बाईसाठी. आपल्या घरांतच पाहा. गौलीगुडा, काचीगुड्यात वाढलेली वडील पिढी अजून देवनागरी पाटी शोधते. नातवंडांची नजर आधी इंग्रजीकडे जाते, आणि मराठी पाटी चुकीची असेल तर ती कोणी दुरुस्तही करीत नाही, कारण तिच्यावाचून त्यांचे अडत नाही. अशा रीतीने चुकीची मराठी बिनविरोध टिकून राहते, आणि काही वर्षांनी तीच मराठी म्हणून ओळखली जाऊ लागते. नांदेडहून आलेल्या पाहुण्याला ती खटकते, तेव्हा आपण हसतो. त्या हसण्यात आपलेही थोडे नुकसान होत असते.

आमचे म्हणणे शुद्धीकरणाच्या चळवळीचे आहे असाही गैरसमज होऊ नये. महाराष्ट्रात १९६०च्या दशकात पदनाम कोश निघाला तेव्हा त्यातील अवघड संस्कृत शब्दांवरून त्याला 'बदनाम कोश' म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. त्यांतले कित्येक शब्द पुढे रुळले, कित्येक कागदावरच राहिले. रेल्वेच्या सिग्नलसाठी रचलेल्या लांबलचक संस्कृत समासाचा विनोद तर प्रत्येक मराठी घरात एकदा तरी झालेला आहे. लोकांनी 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' केला तो कोणत्याही समितीला न विचारता केला. आज तो शब्द इतका आपला आहे की त्याचा परदेशी जन्म सांगितल्यावर तरुणांना नवल वाटते. 'मनाई' अरबीतून आली आणि हैदराबादेच्या 'मना है'शी तिचे सख्खे नाते आहे. ती काढून तेथे 'निषेध' बसविणे म्हणजे घरचे माणूस उठवून पाहुण्याला बसविण्यासारखे आहे. शब्द कोठून आला याची चौकशी आम्ही करीत नाही. तो ऐकणाऱ्याच्या तोंडी आहे की नाही, एवढेच पाहावे असे आमचे म्हणणे आहे.

मागणीही मोठी नाही. कुकटपल्लीच्या स्थानकावर मराठी पाटी लागावी असा आग्रह आम्ही धरणार नाही. येथे तेलुगूचा मान पहिला, आणि तो आपण मनापासून देत आलो आहोत. परंतु जेथे जेथे मराठीत सूचना द्यावयाची आहे, तेथे ती मराठी बोलणाऱ्याने मुळातून लिहावी. गावांची नावे प्रथमेत राहतील असा साचा बांधावा. वेगळेपणा सांगणारा शब्द आणि करावयाची कृती वाक्यात आधी यावी. आणि पाटी रंगविण्यापूर्वी ते वाक्य ज्याने कागद पाहिलेला नाही अशा कोणाला तरी गर्दीच्या आवाजात एकदा ऐकवून पाहावे. त्याला 'काय म्हणाले?' असे विचारावे लागले, तर मसुदा परत न्यावा.

हे काम करू शकणारी माणसे सिकंदराबाद-हैदराबादेत कमी नाहीत. तेलुगू, हिंदी, उर्दू आणि मराठी यांमधले फसवे शब्द आपल्याला अनुभवाने माहीत आहेत. महाराष्ट्रात वाढलेल्या पुष्कळ भाषांतरकारांना ते माहीत असण्याचे कारण नाही. आपल्या वाङ्मयीन संस्थांनी नांदेड विभागाच्या मराठी उद्घोषणा आणि पाट्या मागवून घ्याव्यात, वाचाव्यात आणि दुरुस्त्या सुचवून विनामूल्य परत कराव्यात. एक टपाली पत्र आणि चार सायंकाळी एवढाच त्यास खर्च आहे. पुढील तिमाहीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.